कापणारा शेवटी उचलतो

शकील,

आपला वाद अर्धा राहिला आहे. मी वकील आहे. समोरची बाजू गैरहजर राहिली तर निकाल माझ्या बाजूनं लागतो, हे तुला चांगलं माहीत होतं, तरी तू गेलास. याबद्दल तुला माफ करणार नाही, असं मी पहिले काही दिवस रुबीनाला फोनवर सांगत होते. आता तसं म्हणवत नाही. आता नुसतं रडू येतं, आणि तेही नको त्या जागी, परवा तर कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये आलूबोंडा समोर आल्यावर.

तुझ्याबद्दल जे छापून आलं ते इथं पुन्हा लिहीत नाही. शिक्षण अमरावतीत, अकोल्याच्या जुन्या शहरात वडिलोपार्जित गाद्यांचं दुकान, स्वभाव मनमिळाऊ. ‘मनमिळाऊ’ वाचून तुझी बहीण रुबीना त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. फाशांवरून भांडण झालं की तू तिच्याशी धड बोलत नसायचास, ते लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार?

मला आपली माडीवरची खोली आठवते. आमच्या अमरावतीच्या घरी तू भाडेकरू म्हणून आलास तेव्हा तुझ्या सामानात एक गादी, एक परात आणि वीस बाजूंचा एक फासा होता. गादी तुझ्या अब्बांनी स्वतः भरलेली, इतकी जाड की ती जिन्यावरून चढवताना बाबा आणि मंगेश दोघं घामाघूम झाले. मंगेश तुझा वर्गमित्र, तिवश्याचा. परात कशाला, असं आईनं विचारलं तर तू म्हणालास, फासा टाकायला. तो परातीत पडला की आवाज होतो, सगळे वाकून बघतात आणि कोणाला लपवाछपवी करता येत नाही. हा मुलगा जेवतो कशात, ही काळजी आईला त्यानंतर वर्षभर होती.

खेळ काय आहे हे तू बाबांनाही समजावून सांगितलंस. एक सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो: तुम्ही जंगलात आहात, पुढं पूल तुटला आहे, मागून कोणीतरी येतंय. बाकीचे एकेक पात्र घेतात. माझं पात्र आता काय करेल ते मी सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार. म्हणजे नाटकच की, बाबा म्हणाले. तू म्हणालास, “नाटकात शेवट ठरलेला असते, काका. इथं सूत्रधारालेही माहीत नसते.” बाबांना ते पटलं नाही, पण त्यांनी दुसऱ्या रविवारी आपण होऊन आपल्यासाठी वर चहा पाठवला.

सूत्रधार कायम मंगेश. त्याला उठून काही करायचा कंटाळा आणि बोलायला मात्र भरपूर. खेळणारे तू, मी आणि रुबीना. ती तेव्हा औषधनिर्माण शिकायला अमरावतीला आली होती आणि भावानं ओढून आणलं म्हणून बसायची. पात्रं बनवायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे होतं, कारण मीच आग्रह धरला होता. प्रत्येकाला सारखे गुण, ते बळ, अक्कल, बोलणं आणि नशीब यांत हवे तसे वाटून घ्या, मग कोणी कोणाला काही म्हणायला नको. मी ते इतकं चोख केलं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटत होता. रुबीनानं जखमा बऱ्या करणारी वैदीण घेतली. ती संध्याकाळभर कोणाला जखम व्हायची वाट बघत बसली. कोणाला झालीच नाही. ती एकदा चहा करायला उठली, नंतर गच्चीवर जाऊन आली, आणि गोष्ट तशीच पुढं चालू राहिली.

खेळ संपल्यावर तू मला विचारलंस, “कागदावर बरोबरी झाली, वैजू. रुबीना उठून गेली ते कोनाले समजलं का?”

मी म्हटलं, तिला तिच्या वाट्याचे गुण पूर्ण मिळालेत. तू म्हणालास, गुण मिळाले, गोष्ट नाही मिळाली. तिथून आपला वाद सुरू झाला. सारखं देणं म्हणजे न्याय, असं माझं म्हणणं. तुझं म्हणणं असं की खेळताना बाकीचे एखाद्याकडे किती वेळा वळून बघतात यावर त्याच्या पात्राची ताकद मोजायची. हे मोजणार कोण, कसं, असं मी विचारलं की तू खांदे उडवायचास. पुरावा मागितला की तुम्ही लोक खांदे उडवता, असं मी म्हणायचे. ‘तुम्ही लोक’ म्हणजे गादीवाले, असं तू हसून विचारायचास.

मग टरबूज आलं. मंगेशनं तिवश्याहून आणलं होतं. ते कापायला मी सुरी घेतली तर रुबीना म्हणाली, ताई, मग तुमी शेवटी उचलाल. मला काही कळेना. तेव्हा तू तुमच्या घरची रीत सांगितलीस. भावंडं पाच, टरबूज एक, आणि रोजच्या मारामाऱ्या. अम्मीनं एक दिवस सांगून टाकलं की जो कापेल तो शेवटी उचलेल. त्या दिवसापासून तुमच्या घरी टरबुजाच्या फोडी अशा निघायच्या की मापून घ्याव्या. सांगता सांगता तू मध्येच थांबलास. तुझ्या डोक्यात काय आलं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि हे मला आधी का सुचलं नाही म्हणून रागही आला.

तेव्हापासून आपली पात्रं तू बनवलीस. तू बनवणार, आम्ही परातीत फासा टाकून ज्याचा मोठा पडेल त्या क्रमानं उचलणार, आणि उरेल ते तुझं. कोणतं पात्र उरेल हे तुला माहीत नसायचं, म्हणून प्रत्येक पात्र तू स्वतःसाठी बनवत असल्यासारखं बनवायचास. रुबीना त्यानंतर कधी गच्चीवर गेली नाही.

मी मात्र तुला त्रास द्यायचं सोडलं नाही. एकदा जादूगारीण उचलली आणि नियमांत अशी एक फट शोधली की मंगेशची प्रत्येक अडचण मी एका वाक्यात सोडवू लागले. पूल तुटला, जोडला. राक्षस आला, झोपवला. रुबीना जांभया देऊ लागली, मंगेश रडकुंडीला आला. मला वाटलं तू माझे गुण कापशील, आणि त्यावर काय युक्तिवाद करायचा तो मी तयार ठेवला होता. तू एकही गुण कापला नाहीस. तू फक्त एवढं म्हणालास की या बाईची जादू कोणीतरी तिच्याकडे मागितली तरच चालेल. मी चिडले, बसून राहिले. मग रुबीना म्हणाली, ताई, मले पलीकडे न्या ना. आणि शकील, कोणीतरी मागितल्यावर देण्यात जी मजा होती ती मला आधीच्या सगळ्या जिंकण्यात आली नव्हती. हे मी तुला कबूल केलं नाही. तुला कळलं होतं, तू गालातल्या गालात हसत होतास.

तू दुकान बघायला अकोल्याला परत गेलास तेव्हा आपला खेळही तिकडे गेला. मी बडनेऱ्याहून गाडी धरायचे, मंगेश तिवश्याहून माझ्या घरी यायचा आणि सगळ्या वाटेत आज काय होणार हे सांगायचं नाही म्हणून तोंड दाबून बसायचा. दुकानाच्या वरची खोली, खाली कापसाचा वास, गल्लीत भाजीवाल्यांचा गलका. अम्मी मटार सोलत कोपऱ्यात बसलेली असायची. आम्हाला वाटायचं तिचं लक्ष नाही. एकदा आपलं खलबत फार लांबलं तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, “चोर को पहले पकडो, फिर सोचते बैठो.” मंगेशनं तिलाच फासा दिला. तिनं टाकला तर वीस. त्या दिवसापासून अम्मी आपल्यात आली आणि दरवेळी तिला तलवार लागायची. उचलायला तिचा पहिला नंबर आला की तिच्या तोंडावर जे यायचं ते बघायला तू तलवारवालं पात्र नेहमी बनवायचास.

आणि तुझ्या वाट्याला? बहिरा घंटावाला. घोड्याला भिणारा घोडेस्वार. एक स्वयंपाकी, ज्याला मीठ कळत नाही. मी म्हणायचे, बघ, उरतं ते कमीच असतं, तुझी तराजू तुझ्याच बाजूला खोटी आहे. तू म्हणायचास, कमी नाही, फक्त कोनाले दिसलं नाही. मग खेळ सुरू झाला की तो स्वयंपाकी आम्हाला अशा ठिकाणी वाचवायचा की मी नियम पुन्हा वाचायला मागायचे. दर पात्राच्या वेळी हाच वाद. मला तुझ्याशी भांडायला फार आवडायचं, शकील. इतकं की त्या आवडण्याला दुसरं काही नाव द्यायला पाहिजे होतं का, हे मी स्वतःला विचारायचं टाळलं. आता विचारून उपयोग नाही, म्हणून इथं लिहून टाकते.

तुझी टरबुजाची रीत मी चोरली, हेही सांगायचं राहिलं. अचलपूरचे दोन भाऊ माझ्याकडे आले होते, आईच्या माघारी घरातल्या भांड्यांवरून बोलणं बंद. मी थोरल्याला सांगितलं, दोन वाटे तुम्ही पाडा. धाकट्याला सांगितलं, आधी तुम्ही उचला. थोरला अख्खी दुपार त्या भांड्यांसमोर बसून होता, आणि शेवटी म्हणाला, मॅडम, राहू द्या, आमी एकाच चुलीवर खातो. तुला हे सांगायला मी रविवारची वाट बघत होते. त्याच आठवड्यात रुबीनाचा फोन आला की तुझ्या रक्ताचे रिपोर्ट बरे नाहीत.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, आणि मला आठवायचं नाही. तू काही मागितलं नाहीस एवढंच आठवतं. आम्ही तिघं तुझ्या खाटेभोवती उभे असायचो, काय पाहिजे, काय आणू, आणि तू म्हणायचास काही नाही, बसा. माझी ती जादूगारीण बिचारी हात बांधून उभी होती.

मग तू एका दुपारी सांगितलंस की नवी गोष्ट सुरू करायची. मंगेशला गोष्ट तयार ठेवायला सांगितलीस, पात्रं तू पडल्या पडल्या मनात बनवली होतीस. अम्मी, रुबीना, मी आणि मंगेश खाटेभोवती बसलो. दवाखान्यात परात आणू देईनात, म्हणून रुबीनानं नर्सबाईंकडून औषधांचा स्टीलचा ट्रे मागून आणला. तू हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, चौघांची ओळख करून दिलीस. पहिली तलवारवाली पहारेकरीण. ती दारात उभी असेल तर आत कोणी शिरू शकत नाही, पण पहाऱ्यावर असताना तिला जागा सोडता येत नाही. दुसरा गाठोडेवाला, ज्याच्या गाठोड्यात मागाल ती वस्तू सापडते, पण एक वस्तू एकदाच. तिसरा नकल्या. तो कोणाचाही आवाज काढतो, फक्त त्यानंतर कोणीतरी नावानं हाक मारेपर्यंत त्याचा स्वतःचा आवाज परत येत नाही. आणि चौथा वाटाड्या. तो कधी रस्ता चुकत नाही. पण त्याला सगळ्यांच्या पुढं, एकट्यानं चालावं लागतं, आणि पुढं काय आहे ते आधी त्याच्यावर येतं.

नकल्या तुला हवा होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एसटीच्या कंडक्टरपासून आमच्या बाबांपर्यंत तू कोणाची नक्कल केली नाहीस? मलाही तोच हवा होता. बोलून कामं काढणारं पात्र समोर असताना वकील दुसरं कशाला बघेल? फासा अम्मीचा मोठा पडला. अम्मीनं गाठोडेवाला घेतला, तू कधी काही मागितलंस तर असावं म्हणून. मग रुबीनाचा. अंधारात जिना उतरताना जी मला पुढं करते, त्या रुबीनानं वाटाड्या घेतला. माझी पाळी आली आणि मी, जिला एका जागी दोन मिनिटं बसवत नाही, पहारेकरीण घेतली. नकल्या उरला.

आम्ही ठरवून आलो नव्हतो. तिघींनी आपापल्या मनानं एकच चूक केली होती.

तू बराच वेळ अम्मीकडे बघत होतास. “अम्मीनं तलवार सोडली,” तू म्हणालास. मग माझ्याकडे वळून, “हे उचलनं नाही, वैजू. मले उरलेलं पायजे. ठेवलेलं नाही.”

मी म्हटलं, एकदा घेतलंस तर काय बिघडतं? दरवेळी उरलंसुरलं तूच का घ्यायचं?

“मंग बाकीचे तीन मी वाईट बनवले का?”

तसं नाही म्हटलं मी, मी म्हणाले.

“तसंच म्हटलं तू. मी अजून खेळात हावो. मले पाहुना नका करू.”

तुझा आवाज चढला नव्हता, चढण्याइतका उरलाच नव्हता. तरी मी तुझा इतका राग कधी पाहिला नव्हता. अम्मी खिडकीकडे बघू लागली. मंगेशनं ट्रे उचलून मांडीवर घेतला. पुढच्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा उचलायचं, खरं खरं उचलायचं, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, मी बदलणार नाही. भेटायची वेळ संपली होती, नर्सबाई दारात येऊन उभी होती. मी पुन्हा म्हटलं, नाही म्हणजे नाही, शकील.

“पाहू,” तू म्हणालास.

तो रविवार आला नाही. मंगेश कब्रस्तानात गेला, मी अम्मीजवळ बसले. खाली दुकानात कोणीतरी आधीच्या गिऱ्हाइकाची गादी तशीच अर्धी भरलेली ठेवली होती. अम्मी रडत नव्हती, माझा हात धरून बसली होती, आणि मी मनात तुझ्याशी भांडत होते. पाहू म्हणे. काय पाहणार होतास?

तू गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी आणि मंगेश अकोल्याला गेलो होतो. पाहुणे पांगले, भांडी घासून झाली, आणि अम्मी आतून परात घेऊन आली. खोलीच्या मधोमध ठेवून ती म्हणाली, “उसने बोला था दुबारा उठाने को. चलो, उठाओ.” रुबीना म्हणाली, अम्मी, आज नको. अम्मीनं फासा परातीत टाकला. तो आवाज आला आणि आम्ही चौघंही सवयीनं वाकलो. तुझ्या जागी कोणी वाकलं नाही.

मग रुबीनानं आणि मीही टाकला. अम्मीचा मोठा होता, त्याखाली रुबीनाचा. तिनं पहारेकरीण घेतली, लगेच, हावऱ्यासारखी. घेतली आणि पदरात तोंड घालून रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. रुबीनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं गाठोडेवाला उचलला.

राहिले दोघं. वाटाड्या आणि नकल्या, आणि पाळी माझी. मला नकल्या हवा होता, पहिल्यापासून हवा होता. आणि तो मला उचलवेना. मी तो उचलला असता तर तुला नकल्या मिळणार नाही हे कायमचं झालं असतं, तू परत येऊन तो मागणार नाहीस हेही. मला तो तुझ्यासाठी ठेवायचा होता, शकील. मरेपर्यंत ठेवला असता मी, वाटाड्या घेऊन चालत राहिले असते आणि सगळ्यांना सांगत राहिले असते की नकल्याला हात लावू नका. मंगेश घाई करत नव्हता. अम्मीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. तू त्या दिवशी तिच्याकडे बघत होतास तसंच.

मी नकल्या घेतला. नियमाप्रमाणे, स्वतःसाठी, मला हवा होता म्हणून घेतला.

मंगेशनं घसा साफ केला. नवी गोष्ट त्यानं इतके दिवस सांभाळून ठेवली होती, पण त्यातला पहिला शब्द त्याला सुचेना. शेवटी तो म्हणाला, “जंगल दाट हाय. वाटाड्या पुढं गेला. तुमी तिघी मागून येऊन राहिल्या.”

वाटाड्या कोणी ठेवला नाही, शकील. आम्ही खरं खरं उचललं, आणि तो उरला.